वहिनीच्या मोटरसायकलची टिकटिक

माझी वहिनी कोकुतेता हट्टी आहे, हे आमच्या गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. माझा भाऊ जिवंत होता तेव्हा म्हणायचा, हिच्याशी वाद घालण्यापेक्षा उलट्या वाऱ्यात सरोवरावर होडी वल्हवणं सोपं. पण या नाताळाला तिने जो हट्ट धरला, त्यात माझाही जीव टांगणीला लागला होता.

तिचा मुलगा कामुगिशा म्वांझा शहरात नोकरीला आहे. "आई, एकटी किती दिवस राहणार? चल माझ्याकडे," हे त्याचं ठरलेलं पालुपद. एकटी म्हणे! मी शेजारच्या घरात राहते ती काय झाड आहे? वहिनी सुईण. दवाखान्याच्या लाल मोटरसायकलवरून तिने उभी हयात गावोगाव बाळंतपणं केली. ती निवृत्त झाली तेव्हा गाडीही भंगारात निघाली, तर हिने ती मागून घेतली आणि केळीच्या बागेजवळच्या पडवीत सगळी उघडून बसली. सुट्टीला आलेला कामुगिशा ते बघून हसला. "नाताळच्या दिवशी या गाडीवरून चर्चची चढण चढून दाखव. चढलीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही चढलीस तर गाडी भंगारात आणि तू माझ्याबरोबर बसमध्ये."

"ठरलं," वहिनी म्हणाली. मला विचारलंसुद्धा नाही. ती गेली असती तर मी भांडायचं कुणाशी?

नाताळ जवळ आला तोवर गाडी उभी राहिली होती. चाकं, ब्रेक, टाकी, सगळं जागच्या जागी. फक्त इंजिनातून टिकटिक आवाज यायचा. आमच्याकडे गाडीची पारख कानाने करतात. आवाज करणाऱ्या गाडीवर गिऱ्हाईक बसत नाही, म्हणून भाड्याने मोटरसायकल चालवणारे स्टँडवरचे सगळे फेलिशियन मेकॅनिककडून इंजिन गप्प करून घेतात. वहिनीनेही त्यालाच बोलावलं. त्याने इंजिनाच्या डोक्यावरची झाकणं काढली, आतले दोन स्क्रू आवळले, आणि टिकटिक गेली. शेजाऱ्यांनी वाहवा केली. मी त्याला चघळायला उकडलेल्या कॉफीच्या बिया दिल्या, त्याही मूठभर.

दुसऱ्या दिवशी चढणीवर रंगीत तालीम. अर्ध्यावर गाडीने धापा टाकल्या आणि जीव सोडला. आम्ही दोघी म्हाताऱ्या ती धरून खाली उतरलो, तेव्हा स्टँडवरची मुलं ओरडली, "सुईणबाई, गाडीला कळा लागल्या का?" घरी आल्यावर निवली आणि पहिल्या किकला चालू झाली. पुन्हा नेली, पुन्हा तिथेच मेली.

"मावशी, इंजिन म्हातारं झालंय," फेलिशियन म्हणाला. "सोडून द्या आता."

"मीही म्हातारी झालेय. मला कुठे सोडून येतोस?"

मग ती पायरीवर बिया चघळत गप्प बसली. मला खरंच भीती वाटली. वहिनी गप्प बसली की काहीतरी संपलं असं वाटतं. पण थोड्या वेळाने म्हणाली, "वन्सं, इतक्या वर्षांत ही गाडी कधी गप्प होती का गं?"

"कधीच नाही. तुझ्या टिकटिकीने झोपलेली पोरं उठायची."

"तेच तर! पावसात आपलं दार फुगतं आणि चौकटीत बसत नाही, तसंच लोखंड तापलं की फुगतं. व्हॉल्व्हच्या झडपेला मिटायला थोडी फट लागते, टिकटिक त्या फटीचीच. ती फट या शहाण्याने खाऊन टाकली."

सकाळी इंजिन गार असताना तिने काम काढलं. फेलिशियन हाताची घडी घालून बघत होता. तिने स्पार्क प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि मला मागचं चाक फिरवायला लावलं. "जोर लाव! केळी सोलतेयस का?" आतून वाऱ्याने अंगठा ढकलला, तसं तिने भोकात झाडूची काडी सोडली. आतल्या दट्ट्याने काडी सगळ्यात वर उचलली तिथे म्हणाली, "थांब. आता दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेत."

"आणि फट कशाने मोजणार?" फेलिशियनने विचारलं.

वहिनी आत जाऊन पेटीतून नवं ब्लेड घेऊन आली. आमच्याकडे बाळंतीण नाळेसाठी कोरं ब्लेड आणि दोरा घरूनच आणते. उरलेली ब्लेडं तिच्याकडे होती. "दवाखान्याची गाडी बघणारा म्हातारा दरवेळी माझ्याकडून एक ब्लेड मागून न्यायचा. मला वाटायचं दाढीला नेतो. पण मेल्याची दाढी तर छातीपर्यंत होती!"

तिने स्क्रू सैल केला, फटीत ब्लेड सरकवलं. ते निघायला हवं, पण कुरकुरत. जमलं म्हणून नट आवळला, तर नटाबरोबर स्क्रूही फिरला आणि ब्लेड अडकलं. पुन्हा सैल, पुन्हा तेच. बोट कापलं, नेसलेल्या कापडाच्या टोकाने पुसलं, आणि पुन्हा. शेवटी एका हाताने स्क्रू घट्ट धरून दुसऱ्याने नट आवळला. मग दुसरा व्हॉल्व्ह. प्लग आणि झाकणं परत बसवून किक मारताच टिकटिक अंगणभर.

फेलिशियनने कानावर हात ठेवले. "मावशी, सणाच्या दिवशी लोक हसतील!"

"हसू देत. तुझी नाळ मी कापलीय, मला शिकवू नकोस."

नाताळला मी कांगाचं नवं छापील कापड नेसून तिच्या मागे बसले. गाडी मेली होती ती जागा आली तेव्हा मी डोळे मिटून देवाला साकडं घातलं. टिकटिक चालूच. डोळे उघडले तर जागा मागे पडली होती, आणि घराघरांतून बायका बाहेर येऊन विचारत होत्या, "कुणाकडे कळा सुरू झाल्या?" मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

वर चर्चपाशी कामुगिशा उभा होता. "आई, आवाज तर अजून करतेय. नीट नाही झाली?"

"गप्प केली होती रे," वहिनी म्हणाली. "गप्प केली, तेव्हाच मेली."

त्याने तिचं कापलेलं बोट हातात घेऊन बघितलं. प्रार्थना संपल्यावर आला आणि गाडीवर माझ्या जागेवर बसला. "चल घरी. आणि उद्या मला फाट्यापर्यंत सोड. बस तिथूनच मिळते."

मला अख्खी चढण पायी उतरावी लागली, तीही नव्या चपलांनी. पाय सोलवटले, पण खालून टिकटिक ऐकू येत होती तोवर मी एकदाही कुरकुरले नाही.