हिंदुरावनं न विचारलेला प्रश्न

हिंदुराव गेल्याचं मला त्याच्या थोरल्या मुलानं, प्रतापनं, सकाळी दारात उभं राहून सांगितलं. मी दाढी करत होतो. एका गालाला साबण तसाच, आणि माझ्या तोंडून निघालं, "कशावरून?" बाप गेल्याचं सांगायला आलेल्या पोराला कुणी असं विचारतं का? पण तो शब्द हिंदुरावचा. कुणी काहीही सांगो, पाऊस पडेल म्हणो की भाव उतरतील म्हणो, त्याचं आधी "कशावरून?". उभा जन्म ऐकून ऐकून तो माझ्या जिभेवर येऊन बसला होता. त्याला महिना होत आला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पेपर उघडतो, मिटतो, चहा गार होतो. सून म्हणते, "बाबा, जरा टेका की." टेकतो, परत उठतो. हिंदुराव असाच होता. खोलीत भिंतीपासून खिडकीपर्यंत त्याच्या फेऱ्या चालायच्या, आणि आता तोच चाळा माझ्या पायांना लागलाय.

आमची गाठ पडली सांगलीला, कॉलेजच्या होस्टेलात. दुसऱ्या महायुद्धाची शेवटची वर्षं होती. मी साताऱ्याच्या वकिलाचा मुलगा, गणित घेतलं ते पाठांतराचा कंटाळा म्हणून. तो आष्ट्याजवळच्या खेड्यातला, घरचा ऊस, बोलणं रांगडं, आणि डोकं असं की त्याच्या वर्गावर यायचं म्हणजे आमचे सर घरून जास्तीची तयारी करून येत. रिअल अ‍ॅनालिसिस नावाचा एक पेपर आम्हाला होता. शाळेपासून ज्या गोष्टी आपण बिनतक्रार मानत आलो, त्या तिथं पायरी पायरीनं सिद्ध करायच्या. मला तो विषय म्हणजे निव्वळ छळ वाटायचा. डोळ्यांनी दिसतंय की, मग सिद्ध काय करायचं त्यात?

एके दिवशी सरांनी फळ्यावर आडवी रेघ मारली, आणि तिच्या खालून निघून वर पोचणारी दुसरी, वळणावळणाची. खडू मध्ये कुठंही उचलला नाही, तर ही रेघ आडव्या रेघेला कुठंतरी छेदणारच, हे सिद्ध करायचं होतं. रीत सोपी. टप्पा निम्मा करायचा. ज्या निम्म्यात रेघ एका टोकाला खाली आणि दुसऱ्या टोकाला वर, तो ठेवायचा, दुसरा सोडून द्यायचा. मग त्याचा निम्मा, पुन्हा त्याचा निम्मा... शेवटी तो बिंदू कोंडीत सापडतो. हिंदुराव उभा राहिला.

"सर, बिंदू हाय म्हणताय. पण कुठं हाय, ते सांगत न्हाई."

"आहे एवढंच सिद्ध करायचंय. कुठं आहे ते सांगायची गरज नाही."

"आन् रेघंलाच मधी भोक असलं तर? निम्मं-निम्मं करत जायचं आन् शेवटाला कायबी न्हाई?"

सरांनी खडू खाली ठेवला. त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला. म्हणाले, "रेषेला भोक नाही हे आपण गृहीत धरतो. त्याला पुरावा मागायचा नाही."

हिंदुराव खाली बसलाच नाही. त्या संध्याकाळी त्यानं खोलीत इतक्या फेऱ्या घातल्या की मी वैतागून अंगणात जाऊन बसलो. गणितापायी एवढं काय, असं मला वाटलं. खरं कारण पुढच्या रविवारी कळलं, त्याचे चुलते आण्णा भाकरीचं गाठोडं घेऊन होस्टेलवर आले तेव्हा.

हिंदुरावचे वडील पलटणीत मोटार ड्रायव्हर होते, मलायात. जपानी तिथं उतरले आणि घरी एक तार आली, बेपत्ता. मेला नाही, जिवंत नाही, नुसता बेपत्ता. आई रोज कपाळाला कुंकू लावत होती आणि भावकी कुजबुजत होती. आण्णा माणूस वाईट नव्हता. भावाच्या जिवाला गती मिळत नाही, या विचारानं तो खंगला होता. म्हणाला, "पोरा, किती दीस लटकत ठिवायचं त्याला? पळसाच्या पानांचा पुतळा करू, तू अग्नी दे. दादाचा जीव सुटंल."

"आन् आईचं कुंकू?"

"ते कुणाला चुकलंय रं?"

"आण्णा, बाबा मेलं, कशावरून?"

आण्णानं त्याच्याकडे टक लावून बघितलं. "जितं हाईत, ते तरी कशावरून?"

हिंदुराव खिडकीपर्यंत जाऊन आला. मग म्हणाला, "लढाई सरू द्या. मी शोधतो. कळलं, तर मी सोता अग्नी देतो." आण्णानं मान हलवली आणि भाकरी सोडली.

लढाई संपली. आमच्या भागात घराआड एक शिपाई, ते हळूहळू परतू लागले. हिंदुरावनं सायकल पैदा केली, मला मागं बसवलं, आणि आमचे रविवार धुळीत जाऊ लागले. तो सरांचीच रीत वापरतोय हे माझ्या उशिरा लक्षात आलं. बोटीत चढले तेव्हा वडील होते, हे एक टोक. शरण गेलेल्यांच्या हजेरीत नव्हते, हे दुसरं. एकानं सांगितलं, रबराच्या मळ्यात आमी संगं जेवलो. टप्पा निम्मा झाला. दुसरा म्हणाला, नदीच्या अलीकडं गाडी दुरुस्त करत व्हता. पुन्हा निम्मा. तिसरा त्या नदीच्या पुलापलीकडच्या मुक्कामाला होता, त्यानं त्यांना पाहिलंच नव्हतं. म्हणजे उरला तो पूल. आणि पुलावर त्या गाडीत त्यांच्या शेजारी बसलेला माणूस जिवंत परत आला होता, मलकापूरला.

आम्ही गेलो तेव्हा तो ओट्यावर बसून दोर वळत होता. एक पाय गुडघ्यात वाकत नव्हता. हिंदुराव समोर बसला, पाणी मागितलं, प्यायला. उसाचं विचारलं. मी वाट बघतोय, आता विचारील, मग विचारील. तो माणूस दोर वळायचा थांबला आणि हिंदुरावच्या तोंडाकडे बघतच राहिला.

"तुमी कुठलं म्हनायचं?"

"सांगलीचं. कॉलेजात हाय."

"न्हाई, तुज्याच तोंडावळ्याचा एक जण आमच्या..."

हिंदुराव उठला. वहाणासुद्धा पायात घातल्या नाहीत, हातात घेऊन चालू लागला. मी त्या माणसाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. पण डोळे कशानंही भरतात, हेही मी हिंदुरावकडूनच शिकलो होतो.

वाटेत मी त्याच्यावर भडकलो. "अरे, एकच पायरी राहिली होती. सिद्ध झालं असतं सगळं!"

"म्हनून तर उठलो गड्या," तो म्हणाला. "आईनं गृहीत धरलंय. तिच्याकडं पुरावा मागायचा न्हाई." मग सायकल हातात धरून तो कित्येक मैल पायी चालला, आणि मी मागून.

आण्णाला त्यानं सांगितलं, काही कळलं नाही. ते खोटंही नव्हतं. आण्णानं पुन्हा विषय काढला नाही. परीक्षेत नेमकं तेच प्रमेय आलं. हिंदुरावनं सगळ्या पायऱ्या स्वच्छ लिहिल्या आणि शेवटची सोडून दिली. पहिला वर्ग हुकला. मी त्याला पुष्कळ बोललो, तो नुसता हसला.

पुढे तो साताऱ्याला शाळेत गणित शिकवू लागला, आईला घेऊन आमच्याच आळीत राहिला. हाडाचा मास्तर होता, पण स्वस्थ म्हणून कधी नव्हता. जेवताना ताटावरून उठून दारापर्यंत जाऊन यायचा. कडी वाजली की आधी हा. रस्त्यात खाकीतलं कुणी दिसलं की बोलणं अर्ध्यात तुटायचं. आई निवांत असायची, शेवया करायची, नातवंडांना रागवायची. सारी घालमेल त्यानं आपल्याकडे घेऊन तिला कुंकू ठेवलं होतं. आई गेली ती मळवट भरून, हिरव्या लुगड्यात. खांदा देताना हिंदुराव माझ्या कानाशी म्हणाला, "झालं बाबा एकदाचं." मला वाटलं, आता तरी हा बसेल. पण कुठलं? फेऱ्या चालूच राहिल्या. तेव्हा मला समजलं, ती वाट तो आईसाठी बघत नव्हता. पुलाच्या मधोमध तो स्वतःच उभा होता... आणि मला त्याचा फार राग यायचा, आणि फार मायाही.

हे सगळं मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. आई नाही, आण्णा नाही, मलकापूरचा तो माणूसही केव्हाच गेला. हिंदुरावच्या तेराव्याला त्याच्या घरी गेलो. भिंतीवर आईचा फोटो, त्याला हार. शेजारी नवा, हिंदुरावचा, त्यालाही हार. आणि मध्ये त्याच्या वडिलांचा, खाकी टोपीतला, तरणाबांड, बिनहाराचा. प्रतापच्या हातात तिसरा हार होता. स्टुलावर चढून तो माझ्याकडे वळला.

"काका, आता आजोबांनाही घालतो. आता तर शंभरी कधीच उलटली असती. ते काही आता..."

त्याचं बरोबर होतं. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. एक मान हलवली की संपत होतं. मी उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो.

"कशावरून?" मी म्हणालो.

प्रताप हार घेऊन खाली उतरला.