तलवारी, पडद्यावरच्या आणि आमच्या हॉलमधल्या

असे किस्से कोणी ठरवून जमवत नाही. रविवारी सकाळची प्रॅक्टिस संपते, मास्क निघतात, कोपऱ्यातली किटली चालू होते आणि कोणीतरी म्हणतं, "काल टेलीवर ते बघितलंत का?" झालं. पुढचा तासभर कोणी घरी जात नाही.

आमचा ग्रुप इंग्लंडमधल्या स्लाऊचा, जिथे टीव्हीला टेली म्हणतात. कम्युनिटी सेंटरचा हॉल आहे, शनिवारी तिथे झुंबा असतो, रविवारी आम्ही. युरोपात काही शतकांपूर्वी तलवार जशी चालवायचे, तशी शिकतो. जुन्या उस्तादांनी लिहून ठेवलेल्या पोथ्या आहेत, त्यांतली चित्रं बघून एकेक हालचाल बसवायची. तलवारी लोखंडी, पण बोथट. मी कोथरूडचा, नोकरीसाठी इथे आलो, ट्रेडिंग इस्टेट नावाच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करतो. तलवारीशी संबंध म्हणाल तर फक्त सिनेमातला. तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

*

पहिल्याच दिवशी हेलनने मला विचारलं, "तलवार कुठे ठेवशील?"

हेलन आमची शिक्षिका. पन्नाशीची, पेशाने फिजिओथेरपिस्ट, बोलणं अगदी हळू. मी म्हणालो, "पाठीवर." टेलीवरच्या प्रत्येक हिरोची तिथेच असते.

तिने एक म्यान आणलं, पट्ट्याने माझ्या पाठीला बांधलं, आत तलवार सरकवली आणि म्हणाली, "काढ."

मी खांद्यावरून हात मागे नेला, मूठ धरली आणि ओढली. हात पूर्ण लांब झाला तरी पातं अर्ध्याहून जास्त आतच. मी वाकलो, वळलो, दुसऱ्या हाताने म्यान खाली खेचून बघितलं. हॉलमध्ये कोणी हसलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

शेवटी हेलनने मागून येऊन ती काढून दिली. "लाजू नकोस," ती म्हणाली. "मीसुद्धा अशीच अडकले होते. माझ्या वेळी तर सोडवायलाही कोणी नव्हतं. तशीच बसने घरी गेले."

*

हेलनला एकदा एका मालिकेच्या सेटवर बोलावलं होतं. जुन्या काळातल्या दोन भावांची लढाई होती आणि दिग्दर्शकाला ती खरी हवी होती. महिनाभर ती त्याच तयारीत होती.

सेटवर तिने करून दाखवलं. समोरच्याने वार केला. हेलनने तो वार बाजूला सारला आणि त्याच हालचालीत टोक त्याच्या चेहऱ्यासमोर नेऊन थांबवलं. संपलं.

दिग्दर्शक म्हणाला, "आता पुढे?"

"पुढे काही नाही. तो मेला."

त्याला दोन्ही तलवारी एकमेकींत अडकलेल्या हव्या होत्या. चेहरे जवळ, दात-ओठ खात दोघे भाऊ आईबद्दल बोलतायत. हेलनने सांगितलं की इतक्या जवळ आल्यावर कोणी बोलत नाही, तेवढ्यात कोणाचा तरी गळा चिरला जातो. तो माणूस चिडला नाही. खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला.

"तुम्ही दाखवलंत ते खरं आहे, हे मला दिसतंय," तो म्हणाला. "पण काय झालं ते कळायच्या आत भाऊ मेला, तर बघणाऱ्याला रडायला वेळ कधी मिळणार?"

हे सांगताना हेलन नेहमी इथे थांबते. आम्ही विचारतो, मग तू काय उत्तर दिलंस? ती म्हणते, "मी त्यांना तलवारी अडकवायला शिकवलं."

*

हेलनच्या घरी आम्ही कधीकधी एकत्र टेली बघायला जमतो. बघणं कमी, चुका काढणं जास्त. चिलखत कापडासारखं कसं फाटलं, पातं म्यानातून निघताना सुरी दगडावर घासल्यासारखा आवाज कुठून आला, वगैरे.

एका दुपारी हिरोच्या पोटात तलवार आरपार गेली. त्याने ती स्वतःच्या हाताने उपसली, फेकून दिली आणि जिना चढून वर गेला. आम्ही सगळे हसलो. अनघाताई हसल्या नाहीत.

अनघाताई मूळच्या नागपूरच्या, इथल्या एका हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहेत. आमच्यात तलवार सगळ्यात शांतपणे चालवतात त्या. मी मराठीत विचारलं, "काय झालं, ताई?"

"काही नाही रे. मागे आमच्याकडे एक पेशंट आला होता. भांडणात चाकू लागला होता. लागला तेव्हा वाचण्यासारखा होता. त्याने चाकू उपसला."

"का?"

"त्याच्या भावाने मला हेच विचारलं. काय सांगणार? आत काही घुसलं की माणसाला ते बाहेर काढावंसंच वाटतं. आणि बाहेर काढलं की बरं वाटतं, हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून बघितलेलं आहे." त्यांनी स्क्रीनकडे हात केला. तिथे हिरो जिन्यावर कोणाशी तरी लढत होता.

पुढच्या रविवारी प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आधी त्यांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि शिकवलं. घुसलेलं काही काढायचं नाही, आजूबाजूने दाबून धरायचं, फोन करायचा. तेव्हापासून नवीन कोणी आलं की तलवार हातात द्यायच्या आधी त्या हे शिकवतात. कोणी विचारलं की बोथट तलवारींना याची काय गरज, तर म्हणतात, "हे हॉलसाठी नाही. हे बाहेरसाठी."

*

डेरेक आमच्या ग्रुपमधले, सत्तरीचे. तोंडावर त्यांना सगळे नुसतं डेरेक म्हणायचे, मीसुद्धा. पण मराठीत त्यांच्याबद्दल बोलायला लागलं की माझ्या तोंडून 'ते'च येतं. त्यांचं आयुष्य सिनेमात तलवारीने मरण्यात गेलं. स्टंटमन होते. हिरो ज्यांना कापत पुढे जातो, त्यांच्यातले एक. आम्ही चुका काढायला लागलो की ते चहा ढवळत ऐकत राहायचे.

त्यांच्या उजव्या हाताची करंगळी वाकत नव्हती. हेलनने फिजिओच्या नजरेने विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. एका सिनेमाच्या पहिल्याच दिवशी एक नवा नट त्यांना मारणार होता. हात थरथरत होते त्याचे. ठरलेल्या जागी वार न येता डेरेकच्या बोटांवर आला. हाड मोडल्याचं त्यांना तिथेच कळलं.

"मग?" हेलन म्हणाली.

"मग मेलो. ठरलं होतं तसाच."

"शॉट थांबवला नाहीत?"

"त्याच्या आयुष्यातला पहिला शॉट होता, हेलन. दिग्दर्शक म्हणाला, उत्तम. पोराचा चेहरा असा उजळला." त्यांनी करंगळीकडे बघितलं. "दुसऱ्या दिवशीपासून त्याचे हात थरथरले नाहीत. मी घरी होतो, पण मला सांगितलं लोकांनी."

त्या नटाला कधी कळलं का, असं मी विचारलं. डेरेकना प्रश्नच समजला नाही. "त्याला कशाला सांगायचं?" ते म्हणाले.

*

गेल्या हिवाळ्यात डेरेक गेले. हृदयविकाराने, घरीच. फ्युनरलला आम्ही सगळे होतो. त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांच्या पत्नी मॉरीन हॉलवर आल्या. हातात पिशवी, पिशवीत डीव्हीडी.

"मी यातलं काही बघितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी घरी जेवायला येणारा माणूस मरताना कशाला बघायचा, असं वाटायचं. आता बघावंसं वाटतंय. पण यात ते कुठे आहेत, मला ओळखता येत नाही. सगळ्यांनी डोक्यावर लोखंडी डबे घातलेत. तुम्ही त्यांच्याशी लढायचात. तुम्हाला ओळखू येतील."

त्यांच्याच घरी बसलो. मॉरीन, हेलन, अनघाताई आणि मी. रिमोट माझ्या हातात. लढाईचा सीन लागला. थंडीतली सकाळ, चिखल, शेकडो माणसं, एकाचाही चेहरा दिसत नव्हता. आम्ही तो पुन्हा पुन्हा बघितला. मग हेलन पुढे सरकली.

"थांबव. डावीकडचा. मागे सरकताना टाच बघ कशी उचलतो. ते डेरेक."

मी सीन पुढे चालू केला. हिरोने तलवार फिरवली. लोखंडी कड्यांचं चिलखत लोण्यासारखं कापलं गेलं. एरवी हेलन ओरडली असती. ती फक्त डेरेककडे बघत होती. डेरेक गुडघ्यांवर आले, मग कुशीवर, मग उताणे पडले. फार सुंदर पडले.

मॉरीननी हात तोंडावर ठेवला होता. मी बंद करू का, असं खुणेने विचारलं. त्यांनी मान हलवली, नको.

पुढे हिरोचं भाषण होतं. लांबलचक. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर. त्याच्या खांद्यामागे, स्क्रीनच्या कोपऱ्यात, डेरेक चिखलात पडलेले. अनघाताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मग मलाही दिसलं. हेल्मेटच्या फटीतून वाफ निघत होती. जरा थांबून पुन्हा. त्या थंडीत, मेलेल्या माणसाचा श्वास.

हेलनलाही दिसलं होतं.

मॉरीन उठून टेलीच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. भाषण संपलं, सीन बदलला, घोडे आले.

"मागे घेता येईल?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

मी मागे घेतलं. हिरोने तलवार उचलली.

"इथून नको," मॉरीन म्हणाल्या. "पडल्यानंतरचं."