टाकीतलं पाणी आणि दोन ठोकळे

आमच्या मालकास्नी सकाळचा चा प्यायच्या आधी दुसऱ्याच्या ट्रकाखाली शिरायची खोड हाय. चोवीस वर्सं मिलिटरीच्या गाड्या दुरुस्त केल्या, अठरा वर्सं झाली घरी यिऊन, तरी खोड जाईना. नाव नाथाजी, हुद्दा हवालदार. पण गावात त्यास्नी कुणी हवालदार म्हणत न्हाई, 'पाना' म्हणत्यात. बंदूकवाला तेवढा साहेब आणि गाडी चालती ठेवणारा पाना! थू असल्या रीतीवर. मी रंगूबाई, त्येंची बायको, आणि मला जे वाटतं ते मी बोलणार.

उंब्रजच्या हायवेपास्नं आत दोन किलोमीटरवर आमचं गाव. घरटी एक तरी माणूस फौजंत. आताशा नवीनच टूम निघालीया. कुणी रिटायर होऊन आला की हायवेपास्नं मारुतीच्या देवळापतुर त्याची मिरवणूक काढायची, डीजे लावून. त्यासाठी गाडी बी ठरल्याली, लिलावात घेतल्याला जुना मिलिटरीचा शक्तिमान ट्रक. ती आमच्या भावकीतल्या पृथ्वीराजची. तिशीतला गडी, डोळ्यावर कायम काळा चष्मा. लग्नाआधीचं फोटो काढायलाबी ती गाडी भाड्यानं जाती. वरनं हिरवा रंग, बोनेटवर झेंडा, आणि आतनं नुसती घाण.

ती घाण मला कळती, कारण जन्मभर तेच ऐकलंय. त्या गाडीच्या ब्रेकाला हवेची मदत लागती. कंप्रेसर टाकीत हवा भरतो, पाय दाबला की ती हवा बूस्टरला रेटा देती, मग बूस्टर ब्रेकाचं ऑइल चाकाकडं ढकलतो. हवेसंगं टाकीत पाणीबी साठतं. ते रोज सकाळी टाकीखालची तोटी उघडून काढायचं. न्हाई काढलं की गंज, गंजाचा चुरा बूस्टरात, आणि आतलं रबरी कप फाटलं म्हणून समजा. ते कप धुवायचं तर ब्रेकाच्या ऑइलनंच. डिझेल लागलं की फुगून भिजल्या पावागत मऊ पडत्यात. मी भाकरी थापणारी बाई, मला हे ध्यानात ऱ्हातं, आणि गाडीच्या मालकाला ऱ्हाईना!

गेल्या दिवाळीनंतर सुभेदार जोतिबा रिटायर होऊन येणार हुतं. मिरवणूक रविवारची. शुक्रवारी सकाळी हे गाडीखाली शिरलं, तर तोटीच दिसंना. खंडेनवमीच्या पूजेला पृथ्वीराजनं गाडी वरनं-खालनं रंगवल्याली. तोटीवर रंगाचा जाड थर आणि त्याच्यावर हळदकुंकू. खरवडून उघडली तशी पांढरट, तेलकट पिचकारी ह्यांच्या तोंडावर आली. अर्धी बादली भरली. जळक्या तेलाचा आणि गंजाचा असला वास, की मला वकारी आली.

"पूजा केलीस आणि गाडीचं नरडं दाबलंस व्हय रं?" हे म्हणलं.

"काका, मिरवणूक पायी चालीची. ब्रेक लागतोय कशाला?"

"मागं पंचवीस पोरं बसणार. आमची नात शिवांजली त्यात हाय. शाळंपासचा उतार कोण उतरवणार, तुजा चष्मा?"

बूस्टर खोलला. कपांच्या चिंध्या झाल्या हुत्या. त्या मापाचं कप सांगलीस्नं मागवायला लागत हुतं, यायला चार दिस. ह्यांनी सरळ सांगितलं, रविवारी गाडी हलणार न्हाई.

झालं! पारावर बैठक भरली. आणि तिथं कुणीतरी बोललं, "पान्याची मिरवणूक निघाली न्हाई, म्हणून जळतोय म्हातारा." सगळी फिदीफिदी हासली. हे रिटायर होऊन आलं तवा उंब्रजला एसटीतनं उतरलं आणि काळी ट्रंक डोक्यावर घिऊन चालत घरी आलं, ही खरी गोष्ट. तवा मिरवणुकीची टूमच न्हवती. अठरा वर्सांत ह्यांनी त्याचा चकार शब्द काढला न्हाई. आणि ह्या लोकांनी नेमका तोच काढला.

आता माझंबी ऐका. म्याच घरी यिऊन ह्यांच्यावर तोंड सोडलं. "आवं गप ऱ्हावा की! लोकं तोंडावर थुकाय लागली. नातीनं भारतमातेची साडी नेसून बघितलीया, तिला गाडीतनं उतरवलं तर रडून घर डोक्यावर घेईल."  हे परसात गेलं आणि बाभळीचा ओंडका तोडून दोन ठोकळं केलं. म्या इचारलंबी न्हाई, कशापायी म्हणून. माझीच मला किळस येती आता.

शनिवारी पृथ्वीराजनं कराडास्नं एक मिस्त्री आणला. त्यानं कुठल्यातरी गाडीचं जवळपासच्या मापाचं कप आणलं आणि ह्यांच्या डोळ्यादेखत डिझेलच्या डब्यात बुचकळून धुतलं. हे म्हणलं, "बाबा, ते फुगत्यात." मिस्त्री म्हणला, "आज्जा, रोज धुतोय." वर पान खाऊन चाकाशेजारी पिचकारी मारली. नीच!

रविवारी मी बाकीच्या बायकांसंगं शाळंपासच्या त्या उताराच्या तळाला, देवळाम्होरं ताट घिऊन उभी. सुभेदारास्नी ओवाळायचं हुतं. डीजेनं छाती हादरत हुती. गाडी उताराच्या टोकाला आली. सुभेदार हार घालून टप काढल्याल्या केबिनीत उभं, मागं पोरं, पोरांत आमची शिवांजली झेंडा हालवतीया. आणि मागच्या चाकाशेजारनं हे, गळ्यात दोरीनं बांधल्यालं दोन ठोकळं घिऊन चालत्यात. हायवेपास्नं असंच चालत आलेलं. लोकं हासत्यात, एकजण तर त्येंचा फोटो काढतोय.

आणि पृथ्वीराजनं उतारावर गाडी न्यूट्रल केली. डिझेल वाचवायला! म्होरं नाचणारी पोरं बाजूला झाली तशी गाडी सुटली. म्या काचंतनं बघितलं, तो पायानं दाबतोय, दाबतोय, पाय पार खाली जातोय आणि गाडी थांबंना. हातब्रेकाची तार तर कवाच तुटल्याली.  मी वरडले, पण त्या डीजेत कुणाला ऐकू जाणार?

हे पळालं. साठीचा माणूस पळाला. पहिला ठोकळा चाकाम्होरं टाकला, तो निसटला. दुसरा टाकला, हातानं धरून ठेवला, चाक त्याच्यावर अर्धं चढलं आणि गाडी गपकन थांबली. आमच्यापास्नं दहा हातावर.

आणि काय सांगू तुमास्नी! पृथ्वीराज खाली उतरला. तोंड पांढरंफटक. वाकून बघितलं, तर हे अर्धं गाडीखाली, डाव्या हाताची दोन बोटं ठेचल्याली, खांदा ठोकळ्याला लावून पडल्यालं. तो सरळ उभा ऱ्हायला, चष्मा नीट केला आणि माईक घिऊन म्हणला, "औक्षणासाठी गाडी थांबवल्याली हाय. आयाबहिणींनी म्होरं यावं!"

बायका म्होरं गेल्याबी. सुभेदारांवर फुलं पडाय लागली. एकजण मला म्हणली, "रंगूबाई, चला की, तुमचं ताट!"

मी गेले, पण मागच्या चाकाकडं. ह्यांचा चेहरा धुळीनं भरल्याला. हे म्हणलं, "आधी पोरं उतरव." म्या एकेकाला खाली वढलं, पंचवीसच्या पंचवीस. शिवांजली शेवटची. तिला वाटलं, मिरवणूक संपली, म्हणून ती रुसून बसली.

मग म्या ताट घिऊन त्या धुळीत फतकल मारली. अठरा वर्सांपूर्वी ट्रंक घिऊन दारात आलं तवा म्या साधा भाकरीचा तुकडासुदिक ओवाळून टाकला न्हवता. दिवा उचलला आणि चाकाजवळ नेला.

हे खेकसलं, "येडे, दिवा लांब धर! वरनं ऑइल गळतंय!"

मी हातभर मागं सरकले आणि लांबनंच ओवाळलं.