आधी मशीन, मग मांडी

साडी गुडघ्यावर घ्यायची, चार चिकट पॅड दोन्ही गुडघ्यांना थापायचे, साबणाच्या वडीएवढ्या यंत्राचं बटण दाबायचं आणि पहिली झिणझिणी आली की डोळे बारीक करून म्हणायचं, "आधी मशीन, मग मांडी." आमच्या समोरच्या अक्का म्हटलं की मला आधी हे आठवतं.

फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंनी खरं तर वेगळंच सांगितलं होतं. मशीन लावा, पण मांडी घालू नका. जमिनीवर बसणं बंद, उकिडवं बसणं बंद. झीज काही भरून येणार नाही, या करंटनं दुखणं तेवढं दबेल. हे सगळं माझ्यासमोर झालं, कारण दवाखान्यात सोबतीला मीच होते. परत येताना रिक्षात मी पुन्हा एकदा समजावलं. मी शिक्षिका आहे, एकदा सांगून माझं समाधान होत नाही. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दुखणं दबतंय न्हवं? मग झालं की."

आमची गल्ली सोलापूरच्या पूर्व भागातली. घराघरांत तेलुगू बोलणारी माणसं, पुरुष यंत्रमागावर, बायका विड्या वळणाऱ्या. आमचं एकच घर मराठी, म्हणून गल्लीला मी नुसती 'बाई'. अक्कांच्या दारापुढं लांबरुंद ओटा आहे. सकाळची कामं उरकली की पाचसहा जणी तिथं गोल करून बसतात. मांडी घालायची, मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. हात चालतात आणि तोंडंही चालतात. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाचा नवरा काय बोलला, कुणाची सून कशी वागते, सगळं त्या गोलात वळलं जातं. अक्का लहानपणापासून अशा गोलात बसत आलेल्या. त्यांची जागा दाराच्या डाव्या अंगाला, भिंतीला टेकून.

अक्कांचा मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीत. तो वाईट नव्हता हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्याच्या नावानं बोटं मोडाल. आईच्या विड्यांवर शिकलेला मुलगा. आई अजून काम करते याची त्याला लाज नव्हती, काळजी होती. त्यानंच पार्सलनं मशीन पाठवलं आणि हात असलेली प्लास्टिकची खुर्चीसुद्धा. रोज दुपारी व्हिडिओ कॉल करून तो आई खुर्चीवर आहे ना, हे बघायचा.

खुर्ची ओट्यावरच ठेवली. पण खुर्चीवरून सूप घसरतं, तंबाखू सांडते. आणि बाकीच्या सगळ्या खाली, अक्का एकट्या वर. बायका बोलायच्या त्या एकमेकींच्या तोंडाकडं बघून, अक्कांच्या वाट्याला त्यांचे अंबाडे. दोन गोष्टी ऐकू यायच्या, तिसरी निसटायची. बायका हसल्या की अक्का विचारायच्या, "काय म्हनली ती?" आणि तोवर गोल पुढच्या विषयावर गेलेला असायचा.

"परीक्षेत पोरांवर लक्ष ठेवायला बाई बसतात तशी बसवलीय मला," एकदा त्या वैतागून म्हणाल्या. परीक्षेत तशी बसणारी बाई मीच, मला ते फार लागलं.

मी एक युक्ती सुचवली. ओट्याच्या कडेला बसायचं, पाय रस्त्याकडं सोडायचे. अक्का बसल्या, पण मग गोलाकडं पाठ झाली. त्यांच्या शेजारी बसणारी, हातानं जरा मंद अशी एक बाई आहे. ती बिचारी उठून रस्त्यावर पोतं अंथरून अक्कांच्या समोर बसली. तिला बघून आणखी एक उतरली. मग काय, एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवतोय आणि या दोघी त्याला तेलुगूत वळसा घालायला सांगताहेत. दोनतीन दिवस हा तमाशा चालला. नंतर पाण्याचा टँकर आला आणि आमची योजना पोत्यासकट गुंडाळली गेली.

"विड्या वळायची गरज काय आता?" मी विचारलं होतं.

"वळतंय कोण? मी बसते बाई."

ते खरंही होतं. अक्कांच्या विड्या हल्ली त्या मंद हाताच्या शेजारणीच्या सुपात पडायच्या.

तेव्हा त्यांनी आपला उपाय काढला. मशीन लावून गुडघे बधिर करायचे आणि मग खाली मांडी घालायची. दुखणं परत येईपर्यंत गोलात बसायचं. मग भिंत, खिडकीचा गज आणि शेजारणीचा खांदा धरून उठायचं आणि पुन्हा मशीन. दुपारच्या फोनच्या वेळेला मात्र शहाण्या मुलीसारखं खुर्चीवर.

पॅडचा चिकटपणा थोड्याच दिवसांत गेला. एकदा बघते तर पॅड जेलीसारखे फुगून लिबलिबीत झालेले, वर तेंदूच्या पानाचा वास. विड्या वळणाऱ्या बायका पानं मऊ पडावीत म्हणून रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. अक्कांनी पानांबरोबर पॅडही गुंडाळले होते.

"अहो अक्का, हे काय केलंत?"

"वाळलेलं पान तुटतंय. ओलं ठेवायला नको व्हय?"

नवे पॅड येईपर्यंत त्यांनी तेच पुसूनपासून वापरले. चिकटेनात तेव्हा विडी बांधायच्या दोऱ्यानं गुडघ्याला बांधले, वर विडीला मारतात तशीच गाठ. नवे आले तरी दोरा राहिलाच. मला हसू यायचं. बाईनं बसण्यासाठी काय काय करावं!

त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा ओटा रिकामा होता. सगळ्या जणी विड्या द्यायला कारखान्यात गेलेल्या. अक्का एकट्याच भिंतीला टेकून मांडी घालून बसलेल्या. गुडघ्याला पॅड, पॅडवर दोरा, मशीन चालूच.

"बाई, जरा हिकडं या. पाय सुटंना झालाय."

उठायची वेळ झाली तेव्हा त्या उठल्याच नव्हत्या, करंट वाढवून तशाच बसल्या होत्या. बायका निघाल्या तेव्हा "तुमी जावा, मी बसते" म्हणाल्या, आणि आता मांडी उलगडत नव्हती. मी मशीन बंद केलं, एक पाय हळूच हलवून बघितला. त्या ओरडल्या नाहीत, पण माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. चेहरा घामानं निथळत होता. एवढ्यात फोन वाजला. मुलाचा व्हिडिओ कॉल.

"उचला," त्या म्हणाल्या, "पन खाली धरू नका."

मी खुर्ची ओढून त्यांच्या पाठीमागं लावली आणि फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. आम्ही दोघींनीही हसरे चेहरे केले. इतक्या वर्षांत तेलुगू मला कळायला लागलंय. त्यानं विचारलं, "अम्मा, खुर्चीवर आहेस ना?"

"मग? खुर्चीवरच."

तो क्षणभर बघत राहिला. "अम्मा, खुर्चीचे हात तुझ्या कानाला लागलेत."

मला हसू फुटलं. अक्काही हसल्या, आणि हसताना गुडघा हलला तसा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यानं ऐकला. तो रागावला नाही. त्यानं फोन बाजूला धरला, आणि आम्हाला त्याच्या ऑफिसचं नुसतं छत दिसत राहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं, अक्का रागाला कधी बधल्या नसत्या.

रविवारी तो अक्कांना पुण्याला न्यायला गाडी घेऊन आला. अक्कांनी सूप त्या शेजारणीच्या हातात दिलं. गाडीत बसून दार लागल्यावर काच खाली करायला लावली आणि मला म्हणाल्या, "ही बी खुर्चीच की."

पुढं शाळेच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले तेव्हा त्यांना भेटून आले. उंच इमारत, लिफ्ट, आरशासारखी फरशी. मुलगा-सून दिवसभर कामावर. सोफ्यावर अक्का. सून मायेची, जाताना पाणी, फळं, फोन सगळं हाताशी ठेवून जाते. लिफ्ट त्यांना एकटीनं चालवता येत नाही. उठताना पाय घसरेल म्हणून फरशीवर बसायचं नाही. खिडकीतून खाली बघितलं की माणसांचे फक्त माथे दिसतात.

"यंदा पान कसं येतंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मला पानातलं काय कळतंय, पण निघताना ओट्यावर विचारून ठेवलं होतं म्हणून वाचले. "जरा फाटकं येतंय म्हणतात," मी म्हटलं. त्या कितीतरी वेळ त्या फाटक्या पानाबद्दल बोलल्या.

मशीन कोपऱ्यात खोक्यात होतं. दोरा त्याच्याभोवती नीट गुंडाळलेला.

"लावत नाही?"

"दुखतच न्हाई आता. लई बरे झाले बघा गुडघे." त्यांनी दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवला. "आता मांडी घालता आली असती."

मी निरोप घेतला. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत त्या वॉकर धरून दारात उभ्या होत्या.

गल्लीत शिरले तर ओटा भरलेला होता. "कशा हायत अक्का?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"बऱ्या आहेत. गुडघे दुखत नाहीत म्हणाल्या."

"दुखत न्हाईत? मग यील की आता!" मंद हाताची शेजारीण म्हणाली. तिनं मांडीवरचं सूप उचललं आणि ती जरा सरकली. तिच्या पलीकडची सरकली, तिच्या पलीकडचीही. दाराच्या डाव्या अंगाला, भिंतीलगत, एक मांडी मावेल एवढी जागा झाली. वॉकरचं मी सांगितलं नाही. मी कुलूप काढून घरात गेले.