देवघर कुठी ठेवसान?

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांना तर नाहीच – ते गेले, आणि रडता रडता मला सुटल्यासारखंही वाटलं. कसली मुलगी मी?

मी वडशात शिक्षिका आहे. आम्ही बौद्ध. पण आडनाव असं की कुठेही खपतं, आणि मी ते खपवलं. घरमालकीण काकू जात कधी विचारत नाहीत, तेवढ्या त्या सभ्य. खोली दाखवताना फक्त म्हणतात, "देवघर कुठी ठेवसान?" समोरचा अडखळला की खोली त्यांच्या पुतण्याला दिलेली असते. मी अडखळले नाही. पूर्वेच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं, बाजारातून गणपतीची तसबीर आणली. आणि बाबासाहेबांचा फोटो? तो ट्रंकेत, साड्यांखाली. बाबा भेटायला येतो म्हणायचे, तर मीच गावी जायचे.

त्या हिवाळ्यात शेजारची खोली रिकामी झाली. नाटकांचा हंगाम, कंपन्यांच्या माणसांनी गाव भरलेलं, खोली मिळायची मारामार. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागलेली एक मुलगी आईला घेऊन आली. सोमवारी रुजू व्हायचं, राहायला जागा नाही. काकूंचे गुडघे धरलेले, म्हणून त्यांनी मलाच वर पाठवलं – खोली दाखवा, आणि तेवढं देवघराचं विचारून घ्या.

जिन्यात ती थांबली. चेहरा एकदम उजळला तिचा. हळूच म्हणाली, "जय भीम, ताई. गुरुजीची पोरगी ना तुमी? गुरुजीनं मले चौथीत शिकवलं."

मी म्हणाले, "नमस्कार."

तिला कळलं. कळणार नाही कसं? तिने खोली पाहिली, मी काही विचारलंच नाही. खाली येऊन काकूंना 'पूर्वेच्या कोपऱ्यात म्हणते' एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं – खोटं बोलायला मी काही नवखी होते? पण ती शेजारी राहायला आली तर आज ना उद्या माझं बिंग फुटणार. मी स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले – "आपल्यातली नाही, काकू."

काकू बाहेर गेल्या. पुतण्याचं सांगितलं, वाईट वाटल्याचंही सांगितलं. मग फाटकाशी सहज विचारलं, "आमच्या बाईले ओळखता का तुमी? जिन्यात बोलून राह्यल्या होत्या."

मी मागे दारातच उभी होते. तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं. मुलीने आईचा हात दाबला.

"नाई, मावशी. ओळखत नाई."

एका शब्दात ती मला त्याच संध्याकाळी रस्त्यावर आणू शकली असती. तो 'नाई' मला अजून ऐकू येतो – वर्गात हजेरी घेताना, भाजी चिरताना, कधीही. तिला पुढे जागा मिळाली का? मी चौकशी केली नाही. ताप आला तरी त्या दवाखान्यात जात नाही.

काकूंना पुतण्या नाहीच. महिनाभराने ती खोली, माझ्या खोलीपेक्षा मोठी, त्यांनी मलाच देऊ केली. मी घेतली. अजून तिथेच राहते.