तांड्यावर राहिलेली चौदा पोरं

ऊसतोडीचा ट्रक आला तशी धुरपताबाई शाळेतली खिचडी चुलीवर तशीच टाकून धावत सुटली. मंगरूळपीरजवळच्या त्या तांड्यावरच्या शाळेत ती स्वयंपाक करायची. शाळेत पोरं बावीस. त्यातली चौदा आईबापांबरोबर ट्रकमध्ये बसली, की पटसंख्या घसरून शाळेला कुलूप लागणार, हे शिक्षिका उज्ज्वला मॅडमनी तिला आधीच सांगितलं होतं. पोरांना मागे ठेवायला हंगामी वसतिगृह हवं, पण यंदा त्याला निधी नाही, असं पत्र आलं होतं.

"निधी नसन त नसन," धुरपताबाई तेव्हा म्हणाली होती. "तांड्यात म्हातारे हायेत ना? घरोघरी दोन-दोन पोरं ठिवू." मॅडमनी त्यात भर घातली, की रोज संध्याकाळी मोबाइलवर आईबापांना पोरं दाखवायची.

तेरा पोरांच्या घरचे कबूल झाले होते. बाबूसिंग मात्र ट्रकपाशी पोरीचा, रीताचा, हात सोडेना.

"काकी, पोरगी दुखन्याले पडली त कोन जबाबदार?"

"मी."

ड्रायव्हरने हॉर्न दाबला. धुरपताबाई जागची हलली नाही. "माह्या पोरीले, चंपाले, तिसरीतून काढून मीच उसाच्या फडावर नेलं. आता हाती गोळ्यांचं पाकीट घेऊन ते दुसऱ्याले इचारते, कोनती केव्हा घेऊ. मले तिनं कधी बोल नाई लावला, बाबूसिंग. लावला असता त बरं झालं असतं."

बाबूसिंगने रीताचं गाठोडं खाली ठेवलं आणि मागे न बघता ट्रकमध्ये चढला.

नवव्या दिवशी सकाळी रीता तापाने फणफणली. धुरपताबाईने तिला ऑटोत घालून मंगरूळपीरच्या दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं. सोबत आलेल्या मॅडम कुजबुजल्या, "तिच्या वडिलांना जरा थांबून कळवू या का?"

"नाई. आत्ता लावा फोन. एकदा लपवलं त आपल्यावर कोन इश्वास ठेवीन?"

बाबूसिंग फोनवर एवढंच म्हणाला, "येऊन राह्यलो न्यायले."

बातमी तांड्यावर पोचली. दोन म्हाताऱ्या दवाखान्यातच आल्या. "आमच्याइथल्या पोराले असं झालं त? धाडून द्या सगळ्याईले." "बाबूसिंग येईपर्यंत दम धरा," धुरपताबाई म्हणाली आणि रीताच्या खाटेशी बसून राहिली. आपण कोणाच्या जिवावर शाळा वाचवायला निघालो, हा विचार तिला घास गिळू देईना.

तिसऱ्या दिवशी बाबूसिंग एसटीने आला. ताप उतरला होता, रीता उशीला टेकून पेज पीत होती. तो म्हणाला, "चाल." तिने वाटी बाजूला ठेवली. "मी नाई येत. सोमवारी माही चाचनी हाय."

बाबूसिंग पोरीच्या पायांशी बसला, मग तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. दुपारच्या गाडीने तो एकटाच परत गेला. जाताना धुरपताबाईला म्हणाला, "रोज फोन लावजो, काकी."

म्हाताऱ्यांनी पुन्हा विषय काढला नाही. उन्हाळ्यात ट्रक परतला, तोवर शाळेच्या हजेरीत बावीस नावं कायम होती. त्या सकाळी धुरपताबाई शाळेत भाजी चिरत होती. बाहेर पोरं ट्रकच्या दिशेने पळाली, आणि तिला एकदम रडू कोसळलं.