खिंडीत शेवटी कोण होतं

बसवनगुडीतल्या आमच्या समाजाच्या हॉलमध्ये त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर शाल घालताना माइकवरचा माणूस म्हणाला, "चीनच्या लढाईत खिंड सोडणारे हे शेवटचे जवान!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे शेवटचे! शेवटचे माझे बाबा होते. ते त्या वेळी घरी खुर्चीत बसले होते, कारण दोन्ही पायांची बोटं बर्फाने खाल्ली, आणि आता पंच्याऐंशीत त्यांना हॉलचा जिना चढवत नाही.

नीट सांगते. माघार म्हणजे पळ नव्हे, हे बाबांनी आम्हाला ताटातल्या भाकरीचे तुकडे सरकवून शिकवलं होतं. एक तुकडी वर थांबून गोळीबार करते, तोवर बाकीचे खाली उतरतात. मग खालचे थांबतात, वरचे उतरतात. असं एकेक खिंड लढत मागे यायचं. खिंडीच्या तोंडाशी एक जण उभा असतो, उतरणारी माणसं मोजायला. सगळे आले असं तो म्हणाला की खालचे निघतात. त्या दिवशी मोजायला हाच शालवाला म्हातारा उभा होता. वर बाबांसकट नऊ जण अजून लढत होते. याने साहेबांना सांगितलं, "सगळे आले, मागे कोणी नाही." खालचे निघून गेले. नवांतले तिघे परत आले, तेही बाराव्या दिवशी.

आणि बाबा काय म्हणायचे? "धुकं होतं गं. दिसलो नसू त्याला." साठ वर्षं हीच टेप. आई गेली तेव्हा तो भेटायला आला, तर बाबांनी त्याला शेजारी बसवून कॉफी पाजली. मी आत भांडी आपटत होते. बाबा देवमाणूस असतील, मी नाही. त्याला बाबा आणि वरचे बाकीचे दिसले होते की नव्हते, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि तेही चार लोकांत त्याची फजिती करून.

सत्कारानंतर जेवण होतं. कन्नड मुलखात आम्ही पाच पिढ्या काढल्या, घरात अण्णा-अक्का म्हणतो, पण पंगतीचा नियम आमच्यात अजून कोणी मोडत नाही. शेवटच्या माणसाचं पान संपेपर्यंत पंगत उठत नाही. आता टेबल-खुर्च्या आल्या, तरी नियम तोच. मधेच उठलं तर जेवत राहिलेल्याचा अपमान होतो. मी मुद्दाम त्याच्या समोरचं पान धरलं.

मग मी जेवले! सार-भात झाला, पुन्हा सार-भात मागितला. वाढपी दोनदा "अक्का, स्वल्प?" म्हणून विचारून गेला, मी दोन्ही वेळा "घाल" म्हटलं. सगळ्यांची पानं संपली. लोक बोटं चाटून बसले. लोणच्याची फोड मी इतका वेळ चोखली की तिची साल उरली. समोर म्हातारा खुर्चीत चुळबुळत होता. त्याचे गुडघे धरतात, साखरेमुळे त्याला फार वेळ बसवत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याची सून माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. मी ताक-भात मागवला.

शेवटी तो टेबलाला धरून उठला. सगळी पंगत बघत होती.

"उठा काका, उठा!" मी मोठ्याने म्हटलं. "मागे कोण राहिलंय ते बघायची तुम्हाला सवयच नाही!"

तो लंगडत नळाकडे गेला. मीही उष्ट्या हाताने त्याच्या मागे गेले.

"कालची पोर तू, मला शिकवतेस?" तो मागे वळून म्हणाला.

"कालची कुठली? साठीला टेकले मी. आता तरी खरं बोला. धुकं होतं ना?"

"कसलं धुकं? लख्ख ऊन होतं." रागाच्या भरात त्याचा तोल सुटला होता. "दिसत होते की सगळे. हात हलवत होते. त्यांच्यासाठी थांबलो असतो तर खालचे वीस जण मेले असते!"

"मग तसंच सांगायचं होतं! शेवटचा म्हणून शाल कशाला घेतलीत?"

तो नळाखाली हात धरून तसाच उभा राहिला. मी रिक्षा केली आणि घर गाठलं.

बाबांना मी शब्द न् शब्द सांगितला, अगदी चवीने. वाटलं होतं, नेहमीसारखं "सोड गं" म्हणतील.

"मलाही ऊनच आठवायचं," ते म्हणाले. "वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय."

मग त्यांनी मला फोन लावायला सांगितला. गेलेल्या सहा जणांच्या घरी तेव्हा बाबांनीच पत्रं पाठवली होती, कोणाचा दोष नाही म्हणून. त्यांतल्या एकाची बायको मुलाकडे इथल्याच शिवाजीनगरला असते. त्या पत्रावर विश्वास ठेवून तिने या शालवाल्यालाच भाऊ मानला. तेव्हापासून दर दिवाळीला ती त्याला ओवाळते.

"वहिनी, मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं," बाबा म्हणाले. मला त्या नालायकाला मान खाली घालायला लावायची होती, आणि माझ्यासमोर माझ्या बापाची मान खाली गेली होती. मी फोन घ्यायला पुढे झाले, तर त्यांनी माझा हात झटकला. मग त्यांनी सगळं सांगितलं. पलीकडे ती म्हातारी रडत होती, मला इकडे ऐकू येत होतं.

"नाही, फोन करून भांडू नका," बाबा म्हणाले. "यंदाही त्याला बोलवा. पाट मांडा, ताट तयार ठेवा, मीही येतो. तो पाटावर बसला की ओवाळायच्या आधी एवढंच विचारा, 'माझे मालक हात हलवताना कसे दिसत होते?'"